घरसंसार : गळकी न्हाणी आणि बेताचा खर्च

न्हाणीतील पाणी भिंतीत मुरू लागले की सगळी फरशी उखडावी लागणार, असा विचार प्रथम मनात येतो. त्यामागोमाग खर्चाचा आकडा डोळ्यांपुढे उभा राहतो आणि काम पुढच्या वर्षावर ढकलले जाते. वाचकहो, ही दोन्ही टोके टाळता येतात. पाणी नेमके कोठून जाते हे आधी शोधले, तर पुष्कळदा हातभर जागेतच दुरुस्ती आटोपते.

तंजावरच्या उत्तरेस दहाबारा किलोमीटरवर, कावेरीकाठी तिरुवैयारु हे गाव आहे. संत त्यागराजांची समाधी येथेच आहे. तंजावरच्या भोसले राजघराण्यामुळे हा प्रदेश मराठी वाचकास परका नाही. येथील जुन्या आळ्यांतून विटा व चुना यांनी बांधलेली घरे एकमेकांस खेटून उभी आहेत. पूर्वी स्नान नदीवर किंवा परसातील विहिरीपाशी होई. सांडलेले पाणी उघड्या मातीत जिरून जाई. पुढे नळ आला, न्हाणी घरात आली आणि जी भिंत कधी भिजत नव्हती तिच्यावर रोज पाणी पडू लागले. शेजारी-शेजारी घरांत अशी ओल पुष्कळदा आपल्याआधी शेजाऱ्याच्या खोलीत दिसते. भिंतीत रुतलेली तुळईची टोके कुजतात, वाळवी लागते आणि वर्षानुवर्षांचा शेजारधर्म पणास लागतो. ओल्या भिंतीत विजेचे बटण असेल तर प्रश्न जिवाचा होतो. तेथील वीजप्रवाह तत्काळ बंद करून जाणत्या कारागिरास बोलवावे.

ओल कोठली हे ओळखण्यास तीन कसोट्या पुरतात. त्या शक्यतो पाऊस नसताना घ्याव्यात, कारण तमिळनाडूच्या या भागात ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात परतीच्या मोसमी वाऱ्यांचा पाऊस पडतो आणि त्याची ओल या ओलीत मिसळते.

पहिली कसोटी नळाची. दोन दिवस न्हाणी वापरू नये. भिंत तरीही तशीच ओली राहिली, तर भरल्या नळास गळती आहे असा संशय घ्यावा. रात्री सर्व तोट्या बंद करून टाकीतील पाण्याची पातळी खुणेने पाहावी. सकाळी ती उतरलेली दिसली तर संशय बळावतो.

दुसरी मोरीची. फरशी कोरडी ठेवून नळीने थेट जाळीच्या आत दोन-तीन बादल्या पाणी सोडावे. ओल वाढली तर दोष खालच्या नळात किंवा त्याच्या जोडात आहे. जाळीखालच्या भांड्यास बांधकामाच्या इंग्रजी पुस्तकांतही ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपला घरगुती शब्द असा देशभर पोचला आहे.

तिसरी फरशीची. जाळीचे तोंड ओल्या फडक्याने घट्ट बंद करावे, दाराशी मातीचा लहान बांध घालावा आणि अडीच सेंटिमीटर पाणी २४ तास साठू द्यावे. आता ओल उमटली तर फरशीच्या दरजा, जाळीची कड किंवा भिंत व जमीन यांचा कोपरा फुटला आहे असे समजावे. तिन्ही कसोट्यांत काहीच आढळले नाही, तर अंगावरून उडणारे पाणी भिंतीवरील लाद्यांच्या सांध्यांतून जात असावे.

आता खर्चाचा क्रम. प्रथम दरजा खरवडून, वाळवून नव्या मसाल्याने भराव्यात आणि कोपऱ्यात सिलिकॉनचा लवचीक लेप द्यावा. कोपऱ्यातील ताठ सिमेंट पुन्हा तडकते. जुन्या मसाल्यावर वरून पांढरे सिमेंट फासणे म्हणजे पैसे मोरीत घालणे होय. तेवढ्याने न भागल्यास जाळीभोवतीच्या एक-दोन लाद्या काढून तेथील जोड नव्याने बांधावा. त्यानेही ओल थांबली नाही, तरच न्हाणीची जमीन उघडावी. मग मात्र काटकसर लादीत करावी, लेपात नव्हे. जलरोधक लेपाचे दोन हात जमिनीवर व भिंतीवर निदान ३० सेंटिमीटर उंचीपर्यंत द्यावेत. जाळीकडे दर मीटरला एक ते दोन सेंटिमीटर उतार ठेवावा. लादी बसविण्यापूर्वी पाणी साठविण्याची कसोटी पुन्हा घ्यावी. हे एक दिवसाचे थांबणे पुढचे दुहेरी काम वाचविते. जुन्या लादीवर नवी लादी बसवून दोष झाकू नये. जमीन उंचावते आणि पाणी दाराबाहेर धावते.

चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा कडक गिलावा चढवू नये. आतली ओल अडकून क्षार फुटतात व गिलावा पोपडे धरतो. या प्रदेशातील जुने गवंडी चुन्यात विटांची भुकटी व हिरडा-गुळाचे आंबविलेले पाणी घालीत. आजही अशा भिंतीस चुन्याचाच गिलावा मानवतो. मात्र ओल पूर्ण वाळल्यावरच तो लावावा.

पौष वद्य पंचमीस त्यागराजांच्या आराधनेसाठी गावात दूरदूरचे लोक येतात, घराघरांत पाहुणे उतरतात. अशा दिवसांत न्हाणीस विसावा नसतो. म्हणून हे काम पाहुणे गेल्यावर, कोरड्या महिन्यांत काढावे. आणि पहिली कसोटी घेण्यापूर्वी शेजाऱ्यास बोलावून त्याच्या बाजूची भिंतही पाहून घ्यावी. ओल दोघांची, तेव्हा तपासही दोघांनी मिळून केलेला बरा.