टाकी मोठी करण्याआधी पाइपकडे बघा

धाराशिव जिल्ह्यात छोटा धंदा सुरू करणारा माणूस पाण्याचा विचार आधीच करून ठेवतो. टाकी किती हजार लिटरची, बोअरला पाणी किती, टँकरवाल्याचा नंबर कोणाकडे. खानावळ असो, सलून असो, गाड्या धुण्याचे सेंटर असो की तुळजापुरातली दहा खोल्यांची लॉज, पाणी साठवायला कोणी हात आखडता घेत नाही. पण ते पाणी टाकीपासून नळापर्यंत नेणाऱ्या पाइपला मात्र सगळ्यात स्वस्त माल आणि सगळ्यात घाईचे काम मिळते. मग ऐन गर्दीच्या दिवशी भिंतीला ओल येते आणि मिस्त्रीला फोन जातो. मिस्त्री नेमका त्याच दिवशी दुसऱ्या गावाला असतो!

याला नशीब म्हणण्यात अर्थ नाही. आपल्याकडच्या पाण्याची तऱ्हाच अशी आहे की पाइप लवकर बिघडावेत.

रिकामा पाइप जास्त धोक्याचा

धाराशिव शहराला शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणातून पाणी मिळते. पण ते रोज नळाला येत नाही, मध्ये अनेक दिवसांचा खंड पडतो. तेवढे दिवस लाइन कोरडी असते. पाणी सुटले की आतली हवा जोरात ढकलली जाते, पाइपला हादरे बसतात आणि प्रत्येक वेळी जोड थोडे थोडे ढिले होतात. पाणी बंद होताना उलटे घडते. पाइपमधला दाब उतरतो आणि जिथे चीर असेल तिथून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. लाइन गटारीच्या कडेने गेली असेल तर आत काय येते, हे वेगळे सांगायला नको. नळाला थेट मोटर लावणारे ही ओढ आणखी वाढवतात. शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी तर ते घेतातच, वर गटारीचेही घेतात.

म्हणून नळाच्या जोडणीवर हौदाच्या आधी एक वेगळा कॉक काढून घ्यावा. सुरुवातीचे गढूळ पाणी बॅरलमध्ये सोडावे, फरशी धुवायला कामाला येते. खाद्यपदार्थांचा व्यवसाय असेल तर पिण्यायोग्य पाणी वापरणे आणि टाकी ठरावीक काळाने धुऊन त्याची नोंद ठेवणे हे अन्नसुरक्षेच्या नियमांतही आहे.

गरम पाण्याला जोर का नाही?

लॉजवाल्यांची ही कायमची तक्रार, आणि तिचे मूळ बोअरमध्ये आहे. आपली जमीन काळ्या बेसॉल्ट खडकाची. त्यातल्या बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एकूण कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा; दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. असे पाणी तापले की त्यातला चुना वेगळा होऊन पांढऱ्या थराने चिकटतो. गीझरची कॉइल, सोलरच्या नळ्या, शॉवरची भोके आणि गरम पाण्याची लाइन आधी बुजतात. अर्ध्या इंचाच्या पाइपातून हळूहळू पेन्सिलीएवढीच वाट उरते.

गिऱ्हाईक म्हणते, जोर नाही. मालक वर प्रेशर पंप बसवतो. चुना तिथेच राहतो आणि वाढलेला दाब जुन्या जोडांवर येतो. चार महिन्यांनी बाथरूमची टाइल फोडावी लागते. पंपाच्या पैशात गरम लाइन बदलून झाली असती, असे हिशेब करून पाहिले तर बरेचदा निघते. बदलताना गरम पाण्यासाठी सीपीव्हीसीच पाइप घ्यावा. साधा यूपीव्हीसी उष्णतेने मऊ पडतो. आणि जोडाचे सोल्युशन वाळेपर्यंत पाणी सोडू नये. ‘आज नळ येणार आहे, लवकर उरका’ या घाईत लावलेले जोडच पुढे गळतात.

गळतीला आपण किरकोळ समजतो. नळाखाली लिटरचे माप ठेवून बघा. ते दहा मिनिटांत भरत असेल तर दिवसाला 144 लिटर आणि महिन्याला 4,320 लिटर पाणी गेले. म्हणजे पाच हजार लिटरच्या टँकरपैकी बराचसा. उन्हाळ्यात हे पाणी पैसे मोजून आणलेले असते. रात्री दुकान बंद करताना टाकीवर खूण करावी आणि सकाळी पाहावी. खूण खाली गेली असेल तर गळती आहे, मग ती दिसो वा न दिसो.

टाकी ओसंडण्याचेही तेच. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर आदिलशाहीत बंधारा बांधला, त्याच्या पोटात पाणीमहाल केला, आणि जास्तीच्या पाण्याला वाट काढून दिली. आपण मात्र दोन इंचाने भरणाऱ्या टाकीला अर्ध्या इंचाचा ओव्हरफ्लो ठेवतो आणि स्लॅब का पाझरतो म्हणून विचारतो.

माझे मत विचाराल तर पहिला खर्च कॉकवर करावा. स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आणि वरचा मजला यांना वेगवेगळे बंद करता आले पाहिजे. एक शॉवर तुटला म्हणून अख्खी खानावळ बंद ठेवावी लागणे, हे नुकसान दोन-तीन बॉल व्हॉल्व्हच्या किमतीपुढे फार मोठे आहे. भिंत बुजवण्याआधी मोबाइलवर पाइपचे फोटो काढून ठेवावेत. आणि खानावळीच्या मोरीला तेल अडवणारी जाळी-टाकी हवीच. तर्रीचे तेल थंड झाले की पाइपात गोठते, मग ॲसिड ओतून काही होत नाही.

भिंतीतला पाइप कोणाचा?

गाळा भाड्याचा असेल तर खरे भांडण इथे असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 जिथे लागू आहे तिथे, उलट करार नसेल तर जागा दुरुस्त ठेवणे घरमालकाचे काम आहे (कलम 14). लेखी नोटीस देऊन किमान पंधरा दिवसांची वाजवी मुदत गेल्यावरही त्याने दुर्लक्ष केले, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा मात्र त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाची. योग्य कारणाशिवाय पाणी तोडायलाही मालकाला मनाई आहे (कलम 29).

पण आजकाल बरेच गाळे अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर दिले जातात. तिथे कागदावर जे लिहिले त्यालाच वजन, आणि कागदावर बहुतेक वेळा ‘किरकोळ दुरुस्ती वापरणाऱ्याने करावी’ एवढेच असते. फरशीखाली फुटलेली लाइन किरकोळ कशी? नवरात्रात तुळजापूर भाविकांनी भरते आणि ती गर्दी अश्विन पौर्णिमेपर्यंत टिकते. त्या दिवसांत हा वाद घालत बसायला कोणाला परवडते? तेव्हा पुढचा करार करताना साध्या मराठीत तीन ओळी वाढवून घ्याव्यात: भिंतीतली व जमिनीखालची लाइन मालकाकडे, नळ आणि गीझर वापरणाऱ्याकडे, आणि बोअरची मोटर जळाली तर कोणाकडे, तेही.