‘१०.६’ म्हणजे साडेदहा फूट की दहा फूट सात इंच? घराच्या नकाशातला मापांचा घोळ समजून घ्या

वाशिम, रिसोड, कारंजा, गाव कोणतेही घ्या. घर बांधायचे ठरले की प्लॉट ‘तीस बाय पन्नास’चा असतो, भिंत नऊ इंची असते, सळई तीन सुताची आणि गिट्टी ब्रासवर येते. जमिनीचा सातबारा मात्र हेक्टर-आरमध्ये, बांधकाम परवानगीचे नियम मीटरमध्ये आणि सळईची जाडी दुकानाच्या बिलावर मिलिमीटरमध्ये. या दोन जगांच्या मधोमध बसतो कॅडवर नकाशा काढणारा ड्राफ्ट्समन. घोळ सुरू होतो तो त्याच्याच टेबलावर, पण दोष एकट्या त्याचा नाही.

टिंबाची भानगड

साइटवर मिस्त्री चिठ्ठीवर ‘१०.६’ लिहितो. त्याच्या मनात दहा फूट सहा इंच असतात. फाईल दशांश फुटांत असेल तर संगणक तेच माप दहा फूट सव्वासात इंचांच्या आसपास धरतो. फाईल ‘आर्किटेक्चरल’ प्रकारात असेल तर आणखी मजा: तिथे एक युनिट म्हणजे एक इंच, त्यामुळे खोली साडेदहा इंचांची होते! ही दुसरी चूक लगेच दिसते. पहिली दिसत नाही. पायाची आखणी होते, भिंत उठते आणि चौकट बसवताना इंचभराचा फरक कुठून आला, यावर वाद सुरू होतो.

‘युनिट्स’ बदलले म्हणजे माप बदलले नाही

ऑटोकॅड नव्याने शिकणाऱ्यांचा हा मोठा गैरसमज. ‘युनिट्स’ कमांडमध्ये जाऊन इंचाऐवजी मिलिमीटर निवडले, तरी आधी काढलेली रेघ तेवढीच राहते. १२० इंचांची भिंत आता १२० मिलिमीटरची म्हणवली जाते, म्हणजे जेमतेम अर्धी वीत. खरे रूपांतर हवे असेल तर ‘स्केल’ कमांडने सगळे चित्र २५.४ पट करावे लागते, किंवा ‘डीडब्ल्यूजी युनिट्स’ ही कमांड वापरून सॉफ्टवेअरकडूनच ते काम करून घ्यावे लागते. मूळ फाईल दशांश फुटांत असेल तर गुणक ३०४.८.

क्षेत्रफळात तर गोष्ट आणखी घसरते. फुटांचे मीटर करताना ३.२८ ने भागायची सवय हाताला लागलेली असते. चौरस फुटांना मात्र १०.७६४ ने भागावे लागते. १,५०० चौरस फुटांचा प्लॉट १३९.३५ चौरस मीटरचा होतो, ३.२८ ने भागला तर ४५७ येतात. एवढी मोठी चूक कुणीतरी पकडतेच. छोटी चूक निसटते. ४० आर म्हणजे एक एकर असे धरून चालणाऱ्याचे उदाहरण घ्या. ४० आर म्हणजे ४,००० चौरस मीटर, तर एकर ४,०४६.८६ चौरस मीटरचा. फरक ५०४ चौरस फुटांचा, म्हणजे दोन खोल्यांचा.

मूळ माप कोणते?

जिल्ह्यातून जाणारी रेल्वे हे याचे चांगले उदाहरण. कारंजावरून धावलेल्या ‘शकुंतला’चे रूळ २ फूट ६ इंचांचे, कागदावर ७६२ मिमी. इथे हिशेब नेमका बसतो, कारण १९५९ च्या आंतरराष्ट्रीय कराराने एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिमी ठरला. वाशिम स्थानकातल्या ब्रॉडगेजचे ५ फूट ६ इंच म्हणजे १,६७६.४ मिमी. रेल्वे लिहिते १,६७६. वरचे दशांश ४ सोडून दिले तरी बिघडत नाही, कारण रेल्वेसाठी आता १,६७६ हेच मूळ माप आहे. सगळ्यांनी तेच धरायचे.

घराच्या नकाशात हे कुणी ठरवतच नाही. नऊ इंची भिंत २२८.६ मिमीची असते, नकाशात ती २३० होते. खोल्यांची आतली मापे मात्र दशांशासकट रूपांतरित केलेली. मग सहा भिंतींनंतर बाहेरची बेरीज आठ-साडेआठ मिमीने फसते. नियमाने दीड मीटर सामासिक अंतर मागितले असेल आणि मालकाने ४ फूट ११ इंच सोडले, तर ते १,४९८.६ मिमी भरते. माणूस हे डोळ्याआड करील. नकाशाची छाननी करणारे सॉफ्टवेअर करणार नाही.

सळईचा मुद्दा मात्र गंभीर. बोलीत १२ मिमीच्या सळईला ‘चार सूत’ म्हणतात. चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिमी. हिशेब अर्ध्या इंचाने केला आणि आली १२ मिमीची सळई, तर लोखंडाचे छेदक्षेत्र जवळपास ११ टक्के कमी भरते. बोलण्यात सूत राहू द्या, सळईच्या तक्त्यात नको.

मिस्त्रीला बदलायची गरज नाही

१९५६ च्या कायद्याने देशाने मेट्रिक पद्धत स्वीकारली, तरी जागेचा भाव आजही चौरस फुटावरच सांगितला जातो. ‘फूट सोडा’ हा उपदेश म्हणूनच बिनकामाचा. टेपच्या एका कडेला इंच आणि दुसऱ्या कडेला सेंटिमीटर असतात. नकाशातही तसेच करता येते. फाईल पहिल्या रेघेपासून मिलिमीटरमध्ये काढावी आणि डायमेन्शन स्टाइलमधला ‘अल्टरनेट युनिट्स’चा पर्याय सुरू करावा. प्रत्येक मापाशेजारी फूट-इंच आपोआप उमटतात. एक माप परवानगीसाठी, दुसरे मिस्त्रीसाठी. पॉलिटेक्निक आणि आयटीआयमध्ये हे पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवे. नगर परिषदांनीही एकक न लिहिलेला नकाशा स्वीकारू नये.

घरमालकाला कॅड येत नसले तरी एक तपासणी करून घेता येते. ड्राफ्ट्समनला तीन फुटी दरवाजाची रुंदी ‘डिस्ट’ कमांडने मोजायला सांगा. साध्या दशांशात ९१४ च्या आसपास आकडा आला तर फाईल मिलिमीटरची, ३६ आला तर इंचांची, ३ आला तर फुटांची, ०.९१४ आला तर मीटरची. यापेक्षा वेगळाच काही आकडा आला, तर प्रिंट काढू देऊ नका.