वहीतला आकडा कोणी वाचला?

जव्हार-मोखाड्यात दिवाळी सरली की अनेक घरांतील कर्ती माणसे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघून जातात. मागे उरतात म्हातारी माणसे आणि शाळकरी नातवंडे. शहरातील वृद्धाश्रमात जे काम परिचारिका करते, ते येथे नातीच्या वाट्याला येते.

अशाच एका आजींचे हृदय दुबळे झाले होते. ‘रोज वजन करून लिहून ठेवा,’ असे मी कागदावर लिहून दिले. सातवीतल्या नातीने ते चोख पाळले. सातव्या दिवशी धाप लागली म्हणून आजींना आणले, तेव्हा मी वही उघडली. पहिल्या चार दिवसांचे आकडे सुवाच्य अक्षरांत होते : ४१, ४१.५, ४२.५, ४३.५. अंगात पाणी साठत असल्याची सूचना तीन दिवस वहीत पडून होती. चूक मुलीची नव्हती. किती वाढल्यावर कळवायचे, हे मीच लिहिले नव्हते. आजी सावरल्या, माझी लिहिण्याची पद्धत मात्र बदलली.

डॉक्टरांची सूचना पूर्ण व्हायची, तर तिच्यात चार गोष्टी हव्यात : काय मोजायचे, केव्हा मोजायचे, कोणत्या आकड्याला कळवायचे आणि कोणाला कळवायचे. हृदयरुग्णाचे वजन सकाळी लघवीनंतर, न्याहारीपूर्वी, एकाच काट्यावर करावे. तीन दिवसांत ते दोन किलोंहून अधिक वाढले, पाय सुजले किंवा उशा वाढवल्याशिवाय झोप येईना, तर त्याच दिवशी कळवावे. रक्तदाब पाच मिनिटे शांत बसल्यावर, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून मोजावा. मधुमेहाच्या रुग्णाची साखर ७० च्या खाली गेली आणि तो शुद्धीवर असेल, तर आधी साखरपाणी द्यावे, मग फोन करावा. आकडा पाहून गोळ्या मनाने वाढवू अथवा बंद करू नयेत.

फोनला रेंज नसेल, तर निरोप कोणी न्यायचा, हेही आधीच ठरवावे. आशाताईंना वही दाखवून ठेवावी.

आपले आईवडील वृद्धाश्रमात असतील, तरी विचारायचे ते हेच. नोंदवही पाहाच, पण पाळी बदलताना ती पुढची व्यक्ती वाचते का, हेही विचारा.

पुढच्या तपासणीला वही सोबत आणा. आणि एखादी सूचना अपुरी वाटली, तर डॉक्टरांना निःसंकोच विचारा, ‘कळवायचे केव्हा?’