माळ वाढली, म्हणून कावीळ उतरली?

१/८ सातपुड्याच्या पायथ्याशी, बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद-संग्रामपूर पट्ट्यात, पावसाळ्यात धुऱ्याधुऱ्यांवर भुईआवळी उगवते. कावीळ झाली की तिचा रस पाजण्याची रीत जुनी आहे. या रीतीवर हल्ली एक नवा दावा उभारला जातो: 'हिपॅटायटिस बी आणि सी आपल्या पूर्वजांनी केव्हाच जिंकले होते.' इतिहासाच्या कसोटीवर हा दावा टिकत नाही.

२/८ चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पांडुरोगाबरोबर कामलेचे वर्णन येते: पिवळे डोळे, पिवळी त्वचा, पिवळी नखे. हे निरीक्षण अचूक आहे. परंतु ते लक्षणाचे आहे. असे पिवळेपण पित्तनलिकेतील खड्याने येते, मद्याने येते आणि विषाणूनेही येते.

३/८ हिपॅटायटिस बी विषाणूचा माग बारूक ब्लुमबर्ग यांना १९६० च्या दशकात लागला. १९७६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. 'सी'ची ओळख १९८९ मध्ये पटली. चरकाच्या कामलेत 'बी' वाचणे म्हणजे शिवकालीन पत्रात तारयंत्र शोधणे होय. याला कालविपर्यास म्हणतात.

४/८ मग 'गुण येतो' हा अनुभव खोटा का? नाही. दूषित पाण्यातून होणारी 'ए' आणि 'ई' प्रकारची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. श्रेय शेवटच्या औषधाला मिळते. काविळीची माळ वाढते, कारण ओले देठ सुकून आकसतात आणि गाठी सैल होतात. यकृताचा तिथे संबंध नाही.

५/८ जुनाट 'बी' आणि 'सी' यांची रीत निराळी. डोळे पिवळे न होता विषाणू वर्षानुवर्षे यकृतात राहतो. पुढे सिरॉसिस किंवा कर्करोग होऊ शकतो. येथे कावीळ उतरणे म्हणजे विषाणू जाणे नव्हे.

६/८ 'वनौषधींची कोणी दखलच घेतली नाही' हेही असत्य. १९८८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मद्रासची चाचणी प्रसिद्ध झाली. भुईआवळी घेतलेल्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातून 'बी'चे प्रतिजन नाहीसे झाले. नुसती भासगोळी घेतलेल्या २३ पैकी एकाच्याच. लेखकांत स्वतः ब्लुमबर्ग होते!

७/८ पुढे इतरत्र झालेल्या चाचण्यांत तो परिणाम पुन्हा दिसला नाही. २०११ च्या कॉक्रेन आढाव्यालाही भासगोळीपेक्षा सरस ठरेल असा खात्रीलायक पुरावा आढळला नाही. १९८८ सांगून पुढचे लपवणारा इतिहास सांगत नाही, जाहिरात करतो. आणि वनस्पती तपासून पाहणे हा परंपरेचा अपमान नव्हे. न तपासता विकणे हा आहे.

८/८ २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात 'बी' आणि 'सी'ची तपासणी व औषधे मोफत आहेत. 'सी' बहुतेकांत १२ आठवड्यांत बरा होतो. 'बी' टेनोफोव्हिरने आटोक्यात राहतो, आणि त्याची लसही आहे. भुईआवळीच्या भरवशावर घालवलेले वर्ष मात्र यकृत परत देत नाही. पूर्वजांच्या नावाने केलेल्या चुकीच्या दाव्याची किंमत पूर्वज मोजत नाहीत. संग्रामपूरचा रुग्ण मोजतो.