भूल आईला, उपास बाळाला

माझी मुलगी ३० दिवसांची असताना पित्ताशयातल्या खड्यांनी उचल खाल्ली आणि तातडीने ऑपरेशन ठरलं. कागदावर सूचना होती: ४८ तास अंगावर पाजू नये. का, असं विचारलं तर 'भुलीचं औषध दुधात उतरतं' एवढंच उत्तर मिळालं. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, गावोगाव स्तनपानावर बैठका घेणारी. पण पेशंटचा झगा अंगावर चढला आणि माझीही वाचा बसली. दोन दिवस पोर वाटीचमच्याने डब्याचं दूध पीत रडली. इकडे माझी छाती दगडासारखी झाली.

मैत्रिणींनो, बाई पूर्ण शुद्धीवर आली, बाळाला नीट धरता येऊ लागलं, की बहुतेक भुलींनंतर पाजता येतं. दुधात उतरणारं औषध नगण्य असतं. सांभाळायचं ते नंतरच्या वेदनाशामकांना. कोडीन आणि ट्रॅमाडॉल पाजणाऱ्या आईने घेऊ नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली दिला. पॅरासिटामॉल चालतं. मला दुखण्यावर कोणतं इंजेक्शन दिलं, हे मात्र कोणी सांगितलं नाही. दूध तोडायला सगळे तत्पर!

माझं एकदाचं निभावलं. साकोली-लाखांदूरकडच्या बायांचं काय? त्यांचं ऑपरेशन म्हणजे बहुधा नसबंदी, तीही बाळंतपणानंतर आठवड्याच्या आत, पदराखाली तान्हं असताना. सकाळपासून उपाशी बसवायचं, नंबर दुपारी लागणार. बाहेर व्हरांड्यात आजी नातवाला हलवत असते. "लेकराले भूक लागली, मी का करू?" या प्रश्नाला उत्तर द्यायला तिथे कोणी नसतं. वास्तविक साधं पाणी भुलीच्या दोन तास आधीपर्यंत चालतं, पण 'काही तोंडात घालू नको' म्हणणं सोपं.

आणि हा चाकू बाईवरच का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के, पुरुष-नसबंदी ०.३ टक्के. बिनटाक्याच्या नसबंदीला पुरुषाचं पोट उघडावं लागत नाही, त्याला कुणाला पाजायचंही नसतं. तरी रोवणी बुडेल, अंगातली ताकद जाईल, ही कारणं तयार. (रोवणी कोण करतं, ते भंडाऱ्यात वेगळं सांगायला नको.) २०१४ मध्ये बिलासपूरच्या शिबिरानंतर १३ बाया मेल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. पण बाईच्या अंगावरच्या बाळाचा हिशेब त्या यादीत कुठेच नाही.

म्हणून आपल्या गटांनी दवाखान्यात जाऊन मागावं: पाजणाऱ्या बाईचा नंबर यादीत पहिला. थिएटरात नेण्याआधी पाजायला वेळ. बाळ आणि सोबतीण यांना वॉर्डात जागा. दिलेल्या औषधांची नावं मराठीत, कागदावर. आणि ऑपरेशनचा फॉर्म पुढे करण्याआधी नवऱ्याला आत बोलावून बिनटाक्याच्या नसबंदीबद्दल विचारायचं, बायकोसमोर.