पांढऱ्याची पारख

कॅम्प ५ च्या जीन्स बाजारात माल घेणारा जाणता व्यापारी कापडाचा रंग ट्यूबलाइटखाली पक्का करीत नाही. तागा उचलून दुकानाच्या दारापाशी, उजेडात नेतो. दिव्याखाली जुळलेल्या दोन निळ्या छटा दिवसाच्या प्रकाशात वेगळ्या निघतात, हे त्यास अनुभवाने ठाऊक असते. घरी मात्र हाच गृहस्थ प्रोजेक्टर आणतो आणि कारखान्याने ठरवलेला रंग मुकाट्याने मान्य करतो. मग लग्नाच्या चित्रफितीत वधूचे पानेतर निळसर आणि चेहरे हिरवट दिसले, की दोष छायाचित्रकाराच्या माथी बसतो. नाहीतर नवे यंत्र घेण्याचा विचार सुरू होतो.

वास्तविक दोष बहुधा पांढऱ्यात असतो. ‘डायनॅमिक’ किंवा ‘व्हिव्हिड’ या नावाच्या रचनेत निळा-हिरवा प्रकाश वाढवून चित्र झगझगीत केलेले असते. धोतराला नीळ किंवा टिनोपॉल देण्याचीच ही युक्ती. घरी पाहावयाच्या चित्रासाठी प्रमाण मानलेला पांढरा सुमारे ६५०० केल्विनचा, दिवसाच्या प्रकाशाशी मिळताजुळता असतो. तेव्हा पहिला उपाय बिनखर्चाचा : ‘सिनेमा’ रचना निवडावी आणि रंग-तापमान ‘वॉर्म’ किंवा ६५०० वर ठेवावे. आरंभी चित्र पिवळसर वाटेल. डोळ्याला दोन-चार दिवस सराव होऊ द्यावा, लगेच माघार घेऊ नये. भिंत क्रीम किंवा पिस्ता रंगाची असेल, तर पडद्यापुरता साधा पांढरा मॅट रंग आधी द्यावा.

पुढे ‘ब्राइटनेस’ आणि ‘कॉन्ट्रास्ट’. नावे फसवी आहेत : पहिल्याने काळा ठरतो, दुसऱ्याने पांढरा. ‘एव्हीएस एचडी ७०९’ हा चाचणी-चित्रांचा संच विनामूल्य मिळतो. त्यात १६ हा काळा आणि २३५ हा पांढरा. १७-१८ च्या पट्ट्या अंधारात जेमतेम दिसाव्यात, १६ व त्याखालच्या विरून जाव्यात. वरच्या टोकास २३५ पर्यंतच्या पट्ट्या एकमेकींत मिसळू नयेत.

येथवर पैसा लागत नाही. पुढची पायरी म्हणजे रंग मोजणारे उपकरण, कलरीमीटर. वर्षातून एक-दोनदा लागणारी ही वस्तू चार-पाच कुटुंबांनी मिळून घेणे शहाणपणाचे. सोबतीस ‘एचसीएफआर’ हा मोफत प्रोग्रॅम पुरतो. प्रोजेक्टर अर्धा तास तापू द्यावा, खोली पूर्ण अंधारी करावी, उपकरण तिपाईवर पडद्याकडे तोंड करून, स्वतःची सावली पडणार नाही असे किंचित तिरपे ठेवावे. ८० टक्के करड्यावर तांबड्या-निळ्याचा ‘गेन’, ३० टक्क्यांवर ‘बायस’ जुळवावा. एकास हात लावला की दुसरे थोडे हलते, म्हणून दोन-तीन फेऱ्या कराव्या लागतात. शक्यतो वाढविण्यापेक्षा कमी करावे. ‘डेल्टा ई’ हा चुकीचा आकडा तीनच्या खाली आला की घरापुरते काम झाले. शून्याच्या मागे लागून रात्र घालवू नये.

मोबाइलच्या कॅमेऱ्यावर मात्र विसंबू नये, तो पांढरा रंग आपल्याच मताने सुधारून घेतो. आणि स्वस्त एलईडी यंत्रात ‘गेन-बायस’ची सोयच नसेल, तर उपकरणावर खर्च व्यर्थ आहे.

मूळ आकडे बदलांपूर्वी वहीत उतरवून ठेवावेत. दिवा जुना होत जातो तसा रंगही सरकतो. काहीशे तासांनी पुन्हा मोजताना ते पान उपयोगी पडते.