कालवा दुरुस्तीचा न मांडलेला हिशेब

जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली. तेथून निघणारा १३२ किलोमीटरचा उजवा कालवा गेवराईमार्गे माजलगावच्या जलाशयास मिळतो. त्याच्या अस्तराला तडे गेले की दुरुस्तीचे अंदाजपत्रक तयार होते. त्यात सिमेंट, वाळू, मजुरी असते. परंतु काम रेंगाळून आवर्तन हुकले, तर वाळणारा हरभरा आणि झिरप थांबल्याने आटणारी काठची विहीर यांचा हिशेब नसतो. गळती थांबलीच पाहिजे. मात्र तिची किंमत एकट्या काठच्या शेतकऱ्याने का मोजावी?

दुसरा प्रश्न जिवाचा आहे. नव्या गुळगुळीत उतारावरून घसरलेल्या मुलास वा जनावरास वर येता येत नाही. पात्रात राहिलेला राडारोडा व सळया पाणी सुटल्यावर दिसत नाहीत. तराफ्यावरील मच्छीमार आणि शोधकार्याची नाव, दोहोंना त्या घातक ठरतात. ठरावीक अंतरावर पायऱ्या, साखळ्या आणि पाणी सोडण्यापूर्वी पात्राची सफाई यांची तरतूद अंदाजपत्रकातच हवी.

सिंचन व्यवस्थापनाच्या २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना अधिकार दिले आहेत. कार्यकर्त्यांनी गावोगावी या संस्था जागत्या कराव्यात. काम सुरू होण्यापूर्वीच अंदाजपत्रक आणि आवर्तनाच्या तारखा मागून घ्याव्यात.